लोकलमध्ये चढायचीच भीती बसलीये, रिपोर्ट सगळे नॉर्मल. काय करू?

डोंबिवलीची चिमणी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी ३९ वर्षांची, राहायला डोंबिवली, नोकरी फोर्टला, विम्याच्या क्लेम्स डिपार्टमेंटला. १५ वर्षं लोकलने जातेय. पोटुशी असताना आठव्या महिन्यापर्यंत याच गर्दीतून गेलेय, त्यामुळे लोकलची भीती वाटते असं कोणी मला सांगितलं असतं तर मीच हसले असते.

जूनमध्ये, पहिला पाऊस पडला त्या आठवड्यात, सकाळची फास्ट, लेडीज डबा, नेहमीसारखं खचाखच. ठाणं सुटलं आणि मुलुंडच्या जरा पुढे गाडी सिग्नलला थांबली. आता ती काय रोजच थांबते. पण त्या दिवशी छातीत एकदम अशी धडधड सुरू झाली की समोरच्या बाईला ऐकू जात असेल, हाताच्या बोटांना मुंग्या, ओठ बधिर, घशाखाली हवाच उतरेना, अंगाला दरदरून घाम, आणि डोक्यात एकच, की मी आत्ता इथे मरणार आणि या मला घाटकोपरच्या प्लॅटफॉर्मवर ठेवून पुढच्या गाडीने मस्टर गाठणार. बायकांनी खरं तर खूप केलं हो. एकीने बसलेली जागा सोडून दिली, आणि तीही खिडकीची (लेडीज डब्यात जाणाऱ्यांना कळेल हा केवढा त्याग आहे), एकीने पाणी दिलं, एकीने ओढणीने वारा घातला. घाटकोपरला दोघी माझ्याबरोबर उतरल्या आणि रिक्षा करून हॉस्पिटलात घेऊन गेल्या.

ईसीजी नॉर्मल. नंतर टू-डी एको, ट्रेडमिल टेस्ट, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन सगळं करून झालं, बी-१२ जरा कमी आहे तेवढंच. डॉक्टर म्हणाले काहीही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका. ते कसं घ्यायचं नाही हे मात्र सांगितलं नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी पुन्हा तेच, मग परत. म्हणून फास्ट सोडली, स्लो धरली, म्हणजे वाटलं तर पुढच्या स्टेशनला उतरता येईल. मग स्लोमध्येही फक्त दाराशी उभी राहायला लागले. मग मुलुंडला उतरून श्वास घ्यायचा आणि मागची गाडी पकडायची. मग ऑफिसला सांगून घरून काम. आता गंमत अशी झालीये की स्टेशनचा जिना दिसला तरी पोटात गोळा येतो, आणि परवा तर लिफ्टमध्येसुद्धा जीव घाबरा झाला.

नणंदेला झोपेसाठी अल्प्राझोलाम दिलीये, तिने तिच्या स्ट्रिपमधल्या ४ गोळ्या काढून दिल्या. अर्धी घेतली की तासाभरात बरं वाटतं. आतापर्यंत ३ वेळा अर्धी अर्धी घेतली. हे बरोबर नाही हे कळतंय मला.

घरी नवरा चांगला आहे पण त्यालाही काही सुचत नाही, "काही होत नाही गं" एवढंच म्हणतो. सासूबाई गमतीने म्हणाल्या, "ठाण्याला दाखवायचं का?" (म्हणजे मेंटल हॉस्पिटलात). मी पण हसले. रात्री झोप नाही आली.

आणि हो, फेब्रुवारीत माझी आई गेली. पण त्याला आता सहा महिने झाले, मी व्यवस्थित आहे, तेव्हाही सगळं मीच निस्तरलं, भाऊ बाहेरगावी असतो. त्याचा याच्याशी संबंध नसावा.

१ तारखेपासून ऑफिसने आठवड्याचे पाचही दिवस बोलावलंय. माझ्याकडे साधारण दोन आठवडे आहेत. हे नक्की काय आहे, आणि सायकियाट्रिस्टकडे जायची खरंच गरज आहे का? एकदा तो शिक्का बसला की पुसत नाही असं ऐकलंय.

---

घाटमाथा

ताई, तुमचं वाचताना घाम फुटला, कारण लोकलच्या जागी भाताण बोगदा घातला की ही सगळी माझी स्टोरी आहे.

मी चिंचवडचा, कामासाठी आठवड्यातून दोनदा पनवेल. ४ वर्षांपूर्वी एक्स्प्रेसवेला भाताण बोगद्यात ट्रॅफिक जाम लागला, पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि मला पॅनिक अटॅक आला, म्हणजे भीतीचा झटका. मीही तुमच्यासारखाच आधी हार्टवाल्याकडे, दोन वेगवेगळ्या हार्टवाल्यांकडे, दुसरा पण नॉर्मल म्हणाला तर मला त्याचाच राग आला. मग मी काय केलं तर एक्स्प्रेसवे सोडून जुन्या हायवेने जायला लागलो. त्यात दीड तास जास्त. मग जुन्या हायवेला घाटात पण व्हायला लागलं. मग बायकोला सोबत न्यायला लागलो. मग जाणंच बंद. म्हणजे बघा, मी एक बोगदा टाळायला निघालो आणि शेवटी चिंचवडच्या बाहेर पडणं बंद झालं.

मला माझ्या थेरपिस्टने जे सांगितलं ते त्या वेळी अजिबात पटलं नव्हतं. ती म्हणाली, तुम्हाला बोगद्याची भीती नाहीये, तुम्हाला त्या धडधडीची भीती आहे. आणि दर वेळेला तुम्ही मधेच पळालात की मेंदू नोंद करून ठेवतो, की पळालो म्हणून वाचलो. खरं तर न पळता पण वाचला असतात, पण ते बघायला तुम्ही थांबलातच नाही. तुमचं मुलुंडला उतरणं अगदी तेच आहे. उतरल्यावर बरं वाटतं ना? तिथेच सगळी गोम आहे.

तिने मला खोलीत जागच्या जागी एक मिनिट धावायला लावलं, मुद्दाम छाती धडधडायला. मग गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसवून गरगर फिरवलं. ४३ वर्षांचा माणूस, टकलू, खुर्चीत गरगर फिरतोय. पण त्याने कळलं की धडधड ही नुसती धडधड असते, दोन मिनिटांत उतरते. मग पायऱ्या केल्या: बोगद्याचा फोटो बघणं, मग व्हिडिओ, मग रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्याने एकदा, मग दोनदा, मग ट्रॅफिकमध्ये. साडेतीन महिने गेले. मधे एकदा पार घसरलो पण होतो.

तुमच्या दोन आठवड्यांत सगळं नाही बसणार, खोटं कशाला सांगू. पण सुरुवात बसेल. ऑफिसला एक महिना हायब्रिड मागून घ्या, डॉक्टरचं पत्र असेल तर देतात.

---

रोखठोक

कोणाला राग आला तरी चालेल. आमच्या वडिलांनी ३४ वर्षं कर्जतवरून अप-डाऊन केलं, ना पॅनिक ना फॅनिक. हल्ली मोबाईल, अपुरी झोप, बाहेरचं खाणं, व्यायाम शून्य आणि वर प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव. सकाळी ५ ला उठा, १२ सूर्यनमस्कार, अनुलोम-विलोम, चहा बंद. महिन्यात फरक पडेल. गोळ्यांच्या नादी लागू नका, एकदा चालू झाल्या की आयुष्यभर. अटॅक आलाच तर कागदी पिशवीत श्वास घ्यायचा, सोपं आहे.

---

दुपारचा चहा

रोखठोक, तुमच्या वडिलांना कधी विचारलं होतंत का? माझे वडील पण असेच "कधी काही झालं नाही" वाले. ते रोज संध्याकाळी स्टेशनवरून थेट कुठे जायचे आणि घरी यायच्या आधी काय पिऊन यायचे ते आईला विचारा. असो.

चिमणीताई, मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने लिहितोय, कारण माझ्या बायकोला हे ५ वर्षांपूर्वी झालं होतं आणि मी पण "काही होत नाही गं" वालाच होतो. माझ्या डोक्यात मी तिला धीर देत होतो. तिला मात्र ऐकू यायचं की तू नाटक करतेयस. एकदा तर मी अटॅक चालू असताना "अगं शांत हो ना" असं इतक्या जोरात ओरडलो की शेजारी बाहेर आले.

नंतर तिनेच सांगितलं तिला काय लागतं ते. बडबड नको. पाठीवरून हात नको (तिला तेव्हा कोणी हात लावलेला चालत नाही, कोणाला चालतही असेल). फक्त शेजारी बसायचं आणि अधूनमधून "आहे मी, जाईल हे" एवढंच. आणि घड्याळ बघायचं. मी घड्याळ लावायला लागलो तेव्हा कळलं की तिला जे अर्धा-पाऊण तास वाटायचं ते १२ मिनिटांत, कधी १५ मिनिटांत उतरणीला लागायचं. तो आकडा तिला पुढच्या वेळी कामाला आला, "आठ झाली, अजून चार" असं.

नवऱ्याला हा धागा वाचायला द्या. सासूबाईंना नको.

---

गच्चीवरचा कावळा

+१ दुपारचा चहा. सासूबाईंबद्दल डबल +१.

---

निशाचर डॉक्टर

मी सायकियाट्रीत एमडी, सरकारी हॉस्पिटलात आहे, नाईट ड्युटीवरून लिहितेय, म्हणून तुकड्यातुकड्यात येईल. तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंयत ते पॅनिकच्या वर्णनाशी खूप जुळतं आणि हृदय वगैरे आधी तपासून घेतलंत ते उत्तम केलंत. ते कधीही वगळू नये.

आधी पिशवीचं बघू. कागदी पिशवी सिनेमात ठीक आहे. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्याला ती महागात पडू शकते, आम्ही आता कोणाला सांगत नाही.

मुंग्या आणि बधिर ओठ कशाने येतात? शरीराला वाटतं समोर वाघ आहे, अ‍ॅड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात, श्वास भराभर. वाघ नसतोच, पळणंही होत नाही, त्यामुळे भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच बोटांना मुंग्या, ओठ बधिर, डोकं हलकं. म्हणजे हवा कमी पडतेय असं वाटतं तेव्हा खरं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असता. म्हणून "मोठा श्वास घ्या" हा सल्ला उलटा पडतो. श्वास घ्यायचा साधा, आणि सोडायचा लांब, गरम चहावर फुंकर घालतो तसा. आणि बेशुद्ध पडण्याची जी भीती असते, तर त्याला बीपी उतरावं लागतं, पॅनिकमध्ये बहुतेक वेळा ते चढलेलं असतं.

आता अल्प्राझोलाम. ताई, उरलेली नणंदेला परत करा. औषध वाईट नाही, पण ते दुसऱ्याच्या स्ट्रिपमधून घ्यायचं नाही. शेड्यूल एच-१ मध्ये आहे ते, म्हणजे केमिस्टनेही चिठ्ठीशिवाय देऊ नये आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवावी. पटकन काम करतं म्हणूनच सवय लागते. तीन अर्ध्या गोळ्यांनी काही बिघडलेलं नाही, घाबरू नका. पण जे लोक महिनोन् महिने रोज घेतायत त्यांनी हे वाचून एकदम बंद करू नये, त्याचा वेगळा त्रास होतो, डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करायची असते. आणि घाटमाथा यांनी जे पळण्याबद्दल लिहिलंय ना, पर्समध्ये ठेवलेली गोळी पण तेच काम करते. न खाताही. "गोळी आहे म्हणून मी गेले" असं मन धरून बसतं.

रोखठोक, व्यायामाचं आणि चहा-कॉफीचं तुमचं बरोबर आहे, दोन्हीने खरंच फरक पडतो. "आयुष्यभर गोळ्या" हे मात्र नाही. पॅनिकला आम्ही बहुतेकदा एसएसआरआय गटातली औषधं देतो, त्यांची अल्प्राझोलामसारखी चटक लागत नाही. गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात बेचैनी उलट जरा वाढू शकते, हे पेशंटला आधी सांगितलं नाही तर तो चौथ्या दिवशी औषध फेकून देतो आणि शेजाऱ्याला सांगतो की गोळ्यांनी मला जास्तच झालं. बरं वाटल्यावरही काही महिने, बहुतेकांना वर्षभरापर्यंत, चालू ठेवायची आणि मग हळूहळू बंद. प्रत्येकाला औषध लागतंच असंही नाही. सीबीटी नावाची बोलून करायची थेरपी पॅनिकला चांगली लागू पडते, साधारण १० ते १५ सेशन.

जायचं कुठे? तुम्ही ठाण्याजवळ आहात, ठाण्यात आयपीएच आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली संस्था, तिथे सायकियाट्रिस्ट आणि समुपदेशक दोन्ही भेटतात. पैशांची अडचण असेल तर केईएम, सायन, नायर, जेजे, सगळीकडे सायकियाट्री ओपीडी आहे, केसपेपर काढायचा आणि बसायचं, गर्दी असते पण डॉक्टर रोज हेच बघत असतात. घरातून निघायचीच हिंमत नसेल त्या दिवशी १४४१६ लावा. ती टेली-मानस हेल्पलाइन, केंद्र सरकारची, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. आणि कधीही जीव नकोसा वाटण्यापर्यंत गेलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तिथे फोन किंवा सरळ जवळच्या हॉस्पिटलात.

शिक्क्याचं म्हणाल तर माझ्या ओपीडीत बँकवाले, शिक्षक, पोलीस, दोन डॉक्टर, सगळे येतात. कोणाच्या कपाळावर काही दिसत नाही. कॉल आला, जाते.

---

शांताक्का गडहिंग्लज

चिमणे, मी ७१ वर्षांची, नर्स होते, आता नातवाच्या टॅबवर टाईप करते, चुका झाल्या तर समजून घे.

डॉक्टरबाईंनी सांगितलंय त्यात मी भर घालणार नाही. मला तुझं एक वाक्य टोचलं. "मीच निस्तरलं." काय काय निस्तरलंस गं? दवाखान्याचं बिल, दाखला, स्मशान, दहावा, तेरावा, भटजी, केळीची पानं, बँकेत जाऊन खातं बंद करणं, पेन्शनचा कागद. हे सगळं बरोबर ना? आणि मग कितव्या दिवशी कामावर गेलीस?

पूर्वी सुतक असायचं ते काय नुसतं शिवाशिवीचं नव्हतं. दहा दिवस चूल कोणीतरी दुसरी बघायची, येणारी प्रत्येक बाई दारातच गळ्यात पडून रडायची आणि तुलाही रडवायची. तेव्हा आम्हाला त्याचा वैताग यायचा, की आता ही आली, परत पहिल्यापासून सांगा. आता वाटतं, तेच तर औषध होतं. तेच तेच पंधरा वेळा सांगून माणूस गेलेलं खरं वाटायला लागायचं. जुनं सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही, विधवेचे हाल पण मी डोळ्यांनी बघितलेत. पण रडायला सवड मिळायची.

एक विचारू? तुझी गाडी ठाण्याहून पुढे निघते त्या वेळेला आई असताना तू काय करायचीस?

---

डोंबिवलीची चिमणी

शांताक्का, तुमचा प्रश्न वाचून मी टॅब बंद केला आणि सरळ भांडी घासायला गेले. आज तीन दिवसांनी लिहितेय.

आई रोज फोन करायची. तिची पूजा आटोपली की. "ठाणं गेलं का?" एवढंच विचारायची. मी "हो गं" म्हणायचे आणि कधी कधी तर चिडायचे, इतक्या गर्दीत पर्समधून फोन काढायचा म्हणजे काय असतं. शेवटचे दोन महिने ती हॉस्पिटलात होती तेव्हा पण करायची, नंतर नंतर शब्द नीट येत नव्हते तरी. कामावर मी चौदाव्या दिवशी गेले. क्लोजिंग होतं.

तिचा नंबर अजून फोनमध्ये आहे. सिम भावाने बंद केलं.

घाटमाथा, दुपारचा चहा, डॉक्टर, सगळ्यांचे खूप आभार. धागा नवऱ्याला दाखवला. तो काही बोलला नाही पण काल बाजारातून येताना स्वतःहून विचारलं की अपॉइंटमेंट घेऊ का. चार गोळ्यांतल्या उरलेल्या परत केल्या, म्हणजे अडीच.

---

घाटमाथा

ताई, वाईट वाटलं वाचून. पण अनुभवाने एक सांगतो, आईच्या फोनचं सापडलं म्हणजे कुलूप उघडलं असं धरू नका. मलाही असंच एक कारण सापडलं होतं (धंद्यातला पार्टनर), मी खूश, म्हटलं आता झालो बरा. दुसऱ्या दिवशी खोपोलीच्या अलीकडे परत तेच. दुःखाचं वेगळं बघावं लागतं आणि धडधडीच्या भीतीचं वेगळं. रडून झाल्यावरही गाडीत चढण्याची प्रॅक्टिस ही करावीच लागते.

---

पानगळ

इथे कोणी आरईबीटीबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची पद्धत, १९५० च्या दशकातली, मराठीत कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ती घराघरात नेली. त्यातलं मला एकच लक्षात राहिलंय आणि तेवढंच पुरलं, की "हे होता कामा नये" आणि "हे झालं नाही तर बरं" यातला फरक ओळखा. "मला गाडीत अटॅक येताच कामा नये" म्हणून चढलात तर येणार. "आला तर कटकट आहे, पण आला तर आला" म्हणून चढलात तर तो येतो पण जरा लाजत लाजत येतो.

इन्शुरन्सचं कोणाला माहिती आहे का? सायकियाट्रिस्टची बिलं मिळतात का?

---

डोंबिवलीची चिमणी

पानगळ, मीच क्लेम्सला आहे हो, हसू नका. २०१७ चा मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट आला, २०१८ पासून लागू झाला, त्यात स्पष्ट आहे की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला द्यायचा. पण बहुतेक पॉलिसी अ‍ॅडमिट झालात तरच पैसे देतात, आणि आपल्यासारखे लोक अ‍ॅडमिट होत नाहीत, ओपीडीत जातात. त्यामुळे पॉलिसीत ओपीडी कव्हर आहे का ते बघा, ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत कधी कधी असतं. ही माहिती मी दिवसाला दहा जणांना फोनवर देत असते. स्वतःची पॉलिसी परवा पहिल्यांदा उघडून बघितली.

---

डोंबिवलीची चिमणी

पाच आठवडे झाले. दोघा-तिघांनी मेसेज करून विचारलं म्हणून अपडेट.

सायकियाट्रिस्टना दोनदा भेटले, समुपदेशकांकडे चार सेशन झाली. गोळी चालू आहे, छोट्या डोसची. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसा पहिला आठवडा खराब गेला, हे आधी वाचलं नसतं तर मी नक्की सोडली असती. ऑफिसने महिनाभर तीन दिवस घरून दिलेत, पत्रावर डॉक्टरांनी फक्त "वैद्यकीय उपचार चालू" असं लिहिलं, काय आजार ते कोणी विचारलं पण नाही. मी उगाच तीन रात्री उत्तरं पाठ करत बसले होते.

समुपदेशकबाईंना आईच्या फोनचं सांगितलं तेव्हा मला वाटलं त्या एकदम "सापडलं!" म्हणतील. त्यांनी नुसतं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, जिने किती मजले चढता? आता रोज बिल्डिंगचे चार मजले भराभर चढते आणि वर कठड्याला धरून धडधड ऐकत उभी राहते. तिसऱ्या मजल्यावरचे काका विचारतात, लिफ्ट बंद आहे का?

पायऱ्या अशा आहेत: आधी नुसतं प्लॅटफॉर्मवर जाऊन तीन गाड्या सोडायच्या. मग डोंबिवली ते कोपर. मग दिवा. मग ठाणे, नवरा शेजारच्या डब्यात. मग एकटी. पाण्याची बाटली घ्यायची नाही, दारात उभं राहायचं नाही (हे सगळ्यात कठीण गेलं), आणि मधे उतरायचं नाही. मुंब्र्याला एकदा उतरले. त्याबद्दल बाई काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी परत तिथूनच चालू.

आईचं म्हणाल तर घटस्थापनेच्या आधी तिचं कपाट आवरायला घेतलं. पंचमीला नेसायची ती चटणी रंगाची साडी निघाली, घडीत अजून डांबरगोळीचा वास. तिथेच जमिनीवर बसून रडले, चांगली दीड तास. मुलगी येऊन शेजारी बसली, तिच्या बाबाने शिकवलं असावं, काही बोलली नाही.

आणि काल संध्याकाळचं. ऑफिसवरून येताना स्लोमध्ये होते, मधल्या सीटवर, दारापासून लांब. मुलुंड सोडलं आणि ठाण्याच्या अलीकडे गाडी थांबली. पंखे चालू, पण गाडी हलेना. आली. तीच, मुंग्यांसकट. मी चहावर फुंकर घालतोय असा श्वास सोडत बसले. समोरच्या मावशी मांडीवर पिशवी पसरून गवार निवडत होत्या, त्यांनी माझ्याकडे दोन मिनिटं बघितलं आणि काहीही न विचारता मूठभर गवार माझ्या ओढणीवर ठेवली. म्हणाल्या, "नुसती बसलीयेस तर निवड." मी निवडायला लागले. हात थरथरत होते, पहिल्या पाच-सहा शेंगा वाकड्यातिकड्या मोडल्या. ठाणं आलं तेव्हा मावशी उतरल्या, माझ्याकडची गवार घेऊन, आणि जाताना ओरडल्या, "अगं शिरा काढायच्या असतात!"

सोमवारपासून पाच दिवस चालू होतंय. फास्टची हिंमत अजून नाही. कोणाला माहिती असेल तर सांगा, ८ च्या सुमारास डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो आहे का, म्हणजे निदान बसून जाता येईल?

---

गच्चीवरचा कावळा

डोंबिवलीहून सुटणाऱ्या स्लो आहेत सकाळी, पण टाइमटेबल बदलत राहतं, एम-इंडिकेटर अ‍ॅपवर बघा आणि दहा मिनिटं आधी जा, नाहीतर बायका कोपरहून उलट्या बसून येऊन जागा अडवतात. माझी बायको त्यातलीच आहे.

---

शांताक्का गडहिंग्लज

शिरा काढायच्या असतात गं. शहरातल्या पोरी.